होतकरू हाताचे मोल

१० डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे बेसबॉलची मैदाने बंद होऊन जवळजवळ दोन महिने लोटले असताना, न्यूयॉर्क मेट्स या संघाने कॅलिफोर्निया एंजल्स या संघाशी खेळाडूंची एक अदलाबदल केली. मेट्सना तिसऱ्या बेसवर उभा राहावयास भरवशाचा माणूस हवा होता. त्यांनी जिम फ्रेगोसी हा एकोणतीस वर्षांचा, सहा वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेलेला नामांकित खेळाडू पदरात पाडून घेतला आणि त्याच्या मोबदल्यात चार तरुण देऊन टाकले. त्या चौघांत टेक्सासकडचा नोलन रायन नावाचा चोवीस वर्षांचा एक पिचर होता. त्याच्या चेंडूचा वेग सर्वांस ठाऊक होता. तो चेंडू जाणार कोठे, हे मात्र फेकणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसे. नुकत्याच सरलेल्या हंगामात १५२ डावांत त्याने १३७ बॅटर तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले होते खरे, परंतु ११६ जणांस चार-चार वावगे चेंडू टाकून पहिला बेस फुकट बहाल केला होता, आणि त्याच्या नावापुढे १० विजय व १४ पराभव अशी नोंद झाली होती.

फ्रेगोसीचा अंगठा पुढच्या वसंतातल्या सरावातच मोडला, आणि दोन वर्षांच्या आत मेट्सनी त्यास दुसरीकडे धाडून दिले. रायनने एंजल्सच्या गणवेशातील पहिल्याच वर्षी ३२९ आणि दुसऱ्या वर्षी ३८३ बॅटर स्ट्राइकवर बाद केले, आणि या दुसऱ्या आकड्याच्या पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजवर कोणी गेलेला नाही. १९९३ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा अशा बळींची संख्या ५,७१४ झाली होती, आणि प्रतिपक्षास एकही हिट न देता त्याने सात सामने संपविले होते. अशा सामन्यास तिकडे नो-हिटर म्हणतात. त्या सातांपैकी एकही मेट्सच्या वाट्यास आला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण या प्रकरणाच्या शेवटी आपणांस पुन्हा याच संघाकडे यावयाचे आहे.

या सौद्याची गणना अमेरिकेत मूर्खपणाच्या थोर उदाहरणांत होते. मला ती गणना मान्य नाही. डिसेंबर १९७१ मध्ये मेट्सच्या दप्तरात जे कागद होते त्यांत ११६ हा आकडा होता, ५,७१४ हा नव्हता; आणि निकाल लागल्यानंतर परीक्षार्थ्याची पारख करण्यास पारखी लागत नाही, वर्तमानपत्र पुरते. त्या दिवशी हातात असलेल्या पुराव्यावरून त्या मुलाच्या उजव्या हाताची किंमत किती धरणे रास्त होते, एवढाच प्रश्न न्याय्य आहे, आणि तो दिसतो त्याहून फार अवघड आहे.

अशा तरुणास इंग्रजीत जो शब्द आहे त्याहून आपला ‘होतकरू’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. होण्याच्या बेतात असलेला, एवढेच तो सांगतो. होईलच अशी हमी तो कोठेही देत नाही. बॅटरच्या बाबतीत हा बेत पुष्कळदा तडीस जातो, कारण त्याचे डोळे, मनगट आणि धीर ही वयाबरोबर पक्व होतात. पिचरचे तसे नाही. साठ फूट सहा इंचांवरून, दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून, सतरा इंच रुंद पट्टीवरून चेंडू न्यावयाचा, तोही असा की अवघ्या चार दशांश सेकंदात समोरच्याची फसगत झाली पाहिजे, आणि हे एका दिवसात शंभर वेळा करावयाचे. या कामात हाताची जी झीज होते ती बाहेरून दिसत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते खरे असेल. पिचरचे कोपर मात्र पाळण्यात दिसत नाही.

तरीही मोजमाप करावे लागतेच, आणि त्यासाठी या धंद्यात एक चमत्कारिक मोजपट्टी रूढ आहे. ती शून्यापासून शंभरापर्यंत जात नाही. वीस येथे सुरू होते आणि ऐंशी येथे संपते. तिचे जनकत्व परंपरा ब्रँच रिकी यांस देते. मायनर लीगमधील, म्हणजे दुय्यम दर्जाच्या स्पर्धांतील, संघ स्वतःच्या ताब्यात ठेवून तेथे खेळाडूंची मशागत करण्याची पद्धत सेंट लुईस येथे बसविणारे आणि पुढे १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या संघात उतरविणारे ते हेच गृहस्थ. या पट्टीवरील पन्नास म्हणजे नापासाच्या काठावरचा विद्यार्थी नव्हे. पन्नास म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण, म्हणजेच जगातील काही शे उत्तम लोकांपैकी मधला. तेथून वर वा खाली दहा-दहाची प्रत्येक पायरी म्हणजे संख्याशास्त्रातील एक प्रमाण विचलन. त्यामुळे सत्तर क्वचित आणि ऐंशी अतिक्वचित लिहिला जातो. आपल्याकडे महसूल खात्यात उभ्या पिकाची आणेवारी ठरविण्याचा जो शिरस्ता होता त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की आमचा तलाठी शेतात आज जे उभे आहे त्याचे आणे लिही, आणि बेसबॉलचा पारखी एकाच रकान्यात दोन आकडे लिहितो: एक आजचा आणि एक उद्याचा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या नावापुढे आजचा तीस आणि उद्याचा साठ असे लिहिले असेल तर त्या दोहोंमधले तीस सर्वस्वी पारख्याच्या कल्पनेतले असतात, आणि मालक पैसे मोजतो ते बव्हंशी त्या तिसांचे.

हा पारखी, म्हणजे तिकडचा स्काउट, कसा पाहतो? आरंभीचे काही डाव तो होम प्लेटच्या, म्हणजे त्या सतरा इंची पट्टीच्या, बरोबर पाठीमागे जाळीआड बसतो, कारण चेंडूचे वळण तेथूनच नीट कळते; मग उठून कडेला जातो, कारण हाताचा मार्ग कडेनेच दिसतो. कोपर खांद्याच्या मागे किती जाते, पुढचा पाय जमिनीला लागतो त्या क्षणी हात वर आलेला असतो की अद्याप पाठीमागे रेंगाळत असतो, दर खेपेस पाय त्याच जागी पडतो की इकडेतिकडे, हे तो टिपतो. बेसवर धावपटू असेल तर त्याच्या हातातले घड्याळ चालू होते: पिचरची पहिली हालचाल ते कॅचरच्या पंजात चेंडू पडणे, यास साधारण एक पूर्णांक तीन दशांश सेकंद लागले तर ठीक, अधिक लागले तर धावपटू पुढचा बेस चोरणार. पोराचे खांदे रुंद आहेत काय, अंगावर अजून मांस चढावयास जागा आहे काय, हेही त्याच्या टिपणात असते. आणि बाद झालेला बॅटर परत जात असताना नव्हे, तर पंचाने वा सहकाऱ्याने चूक केल्यावर पिचरच्या चेहऱ्याकडे पाहावे, हा या लोकांचा जुना कानमंत्र.

मला स्वतःला या टिपणातील सर्वांत मोलाचा रकाना वेगाचा वाटत नाही. तो तिसऱ्या चेंडूचा वाटतो. फास्टबॉल आणि एखादा वळणारा चेंडू एवढ्या भांडवलावर कोणताही दणकट पोरगा शाळकरी बॅटरांची भंबेरी उडवितो. परंतु मेजर लीगचा बॅटर एकाच सामन्यात तिसऱ्यांदा समोर उभा ठाकला म्हणजे त्याने ते दोन्ही पाहून ठेवलेले असतात. तेथे चेंजअप लागतो. चेंडू बोटांच्या टोकांशी न धरता तळव्यात खोल रुतवून, कोणी अंगठा व तर्जनी यांचे कडे करून धरतात. हात मात्र फास्टबॉलच्याच त्वेषाने फिरवावयाचा. चेंडू ताशी आठ-दहा मैलांनी मंद निघतो, आणि बॅटर तो येण्याआधीच बॅट फिरवून मोकळा होतो. ज्याच्यापाशी हा तिसरा चेंडू नाही तो बहुधा शेवटच्या एक-दोन डावांपुरता बदली पिचर होतो; ज्याच्यापाशी आहे तो सामन्याचा आरंभ करतो; आणि दोघांच्या किमतीत जहागिरीचे अंतर पडते. दुसरा भेद नियंत्रण आणि हुकमत यांतला. चेंडू पट्टीवरून नेता येणे हे नियंत्रण. पट्टीच्या ज्या कोपऱ्यावर हवा त्याच कोपऱ्यावरून नेता येणे ही हुकमत. १९७१ साली रायनपाशी यांपैकी एकही नव्हते.

वेग मोजण्याचे यंत्र या धंद्यात आले ते १९७४ च्या सुमारास. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांना, भरधाव मोटारी पकडणारे पोलिसांचे रडार चेंडूसही पकडील, अशी युक्ती सुचली. २०१५ पासून तर मेजर लीगच्या तीसही मैदानांवर प्रत्येक चेंडूचा वेग, त्याचे मिनिटागणिक फेरे आणि त्याचे विचलन यांची बिनचूक नोंद होते. यामुळे पारख शास्त्रशुद्ध झाली यात शंका नाही. पण जे मोजता येते त्याचेच मोल वाढते, हा मोजणीचा जुना दोषही तिच्याबरोबर आला. आपल्या देशाशी या दोषाचा एक मजेदार संबंध आहे. २००८ साली काही अमेरिकनांनी रडार घेऊन भारतात वेगवान हात शोधण्याची स्पर्धा भरविली. तीत उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू वर आले. बेसबॉल म्हणजे काय हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला, आणि पुढे त्यांच्या कथेवर हॉलिवूडने चित्रपटही काढला. मेजर लीगपर्यंत दोघांतला कोणीही पोहोचला नाही. रिंकू कालांतराने व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात गेला. त्यांची मेहनत खरी होती. पण रडार जे सांगते ते सर्व त्यांच्यापाशी होते, आणि रडार जे सांगत नाही ते मिळविण्यास बालपण लागते.

आता कोपराकडे वळू. कोपराच्या आतल्या बाजूस दंडाचे हाड आणि पुढच्या हाताचे हाड यांस बांधून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. वेगवान फेकीत कोपरावर येणारा ताण त्या बंधाच्या स्वतःच्या सहनशक्तीच्या सीमेवर असतो. भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून तो टिकतो, आणि स्नायू थकले की झिजत झिजत एके दिवशी तुटतो. २५ सप्टेंबर १९७४ पर्यंत तो तुटणे म्हणजे पिचरची बरतर्फी होती. त्या दिवशी लॉस एंजेलिस येथे डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून ती त्याच्या डाव्या कोपरात, हाडांस भोके पाडून, ओवली. जॉनचे १९७५ हे संपूर्ण वर्ष वाया गेले. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि इतकी नित्याची झाली आहे की कित्येक शाळकरी मुलांच्या हातांवरही तिचा व्रण सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द मेजर लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या दुखापतींचे मुख्य खापर वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक चेंडू सर्वशक्तीनिशी फेकण्याच्या रीतीवर फोडलेले आहे. पिचिंगमधला होतकरू अशी वस्तूच जगात नाही, असे आकडेपंडितांत एक थट्टेचे वचन रूढ आहे, त्याचा उगम या बंधात आहे.

अर्थात प्रत्येक नाशास कोपर कारण असते असे नव्हे. डेव्हिड क्लाइड या अठरा वर्षांच्या मुलास १९७३ साली टेक्सासच्या संघाने शाळेतून थेट मेजर लीगच्या मैदानात उभे केले, कारण तिकिटे खपावयास हवी होती. १८ विजय आणि ३३ पराभव एवढ्यावर त्याची कारकीर्द आटोपली. ब्रायन टेलर याला १९९१ मध्ये यांकीजनी १५ लाख ५० हजार डॉलर देऊन घेतले. दोन वर्षांनी भावाच्या बाजूने एका मारामारीत पडून त्याने खांदा गमावला आणि मेजर लीग त्याने पाहिलीच नाही.

म्हणून सौद्याआधी डॉक्टरचा दाखला आला, आणि त्याबरोबर एक नवाच पेच आला. २०१४ साली ह्यूस्टनच्या संघाने ब्रेडी एकेन या डावखुऱ्या शाळकरी पिचरास नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडले आणि ६५ लाख डॉलरचा करार जवळजवळ ठरला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपराचा बंध संशयास्पद निघाला. संघाने रक्कम उतरविली, मुलाकडच्यांनी नकार दिला, आणि ह्यूस्टनवर हलकटपणाचा आरोप झाला. पुढच्या मार्चमध्ये तो बंध तुटला. करार फिसकटल्याची भरपाई म्हणून ह्यूस्टनला २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. तीतून त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला, आणि दोनच वर्षांनी विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या संघात तो तिसऱ्या बेसवर होता. येथे डॉक्टर जिंकला. परंतु १९९३ च्या नोव्हेंबरात डॉजर्सपाशी पेद्रो मार्टिनेझ नावाचा बावीस वर्षांचा, उंचीने जेमतेम पाच फूट अकरा इंच, अंगाने किरकोळ असा डोमिनिकन पिचर होता. ही कुडी सामन्यामागून सामने आरंभापासून पेलणार नाही असे संघातील जाणत्यांचे मत होते. त्या जाणत्यांत टॉमी जॉनचा हात परत मिळवून देणारे डॉ. जोबही होते. डॉजर्सना दुसऱ्या बेसवर माणूस हवा होता, जसा मेट्सना कधी तिसऱ्या बेसवर हवा होता. त्यांनी डेलिनो डिशिल्ड्स घेऊन पेद्रोला माँट्रियल येथे पाठविले. पिचरांच्या सर्वोच्च मानाचा साय यंग पुरस्कार त्याने तीन वेळा मिळविला. एकाच विद्येने एकदा खरे बोलावे आणि एकदा खोटे, याचे मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की दोन्ही वेळा ती सारख्याच निश्चयाने बोलली.

मग हे अनिश्चित धन इतके महाग का? कारण ते पगाराच्या हिशेबात स्वस्त पडते. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी दिलेल्या निवाड्याने खेळाडूची आजन्म बांधिलकी संपली. पुढे मालक आणि खेळाडू यांच्यात जी तडजोड झाली तिच्यानुसार मेजर लीगमधील सहा वर्षांच्या चाकरीनंतर खेळाडू मुक्त होतो. त्या सहांपैकी साधारण पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास राबतो आणि उरलेली लवादाने ठरविलेल्या वेतनावर. सारांश, ज्या संघापाशी चांगला तरुण पिचर आहे त्यापाशी सहा वर्षांचा मक्ता आहे. आणि ज्या संघाचा मक्ता संपत आला आहे तो हिवाळ्यात बाजारात उभा राहतो.

हा बाजार नोव्हेंबरात उघडतो. चाळीस जणांच्या संरक्षित यादीत कोणास घ्यावयाचे, कोणास वाऱ्यावर सोडावयाचे, हे त्या महिन्यात ठरते, आणि डिसेंबरात सर्व संघांचे कारभारी एका शहरात जमतात तेव्हा यादीबाहेर राहिलेल्यांतून इतर संघांस निवड करता येते. अट एकच: निवडलेला खेळाडू पुढील संपूर्ण हंगाम मेजर लीगच्या संघात ठेवला पाहिजे, नाही तर मूळ मालकास परत देऊ केला पाहिजे. १९९९ च्या डिसेंबरात ह्यूस्टनने योहान सांताना हा व्हेनेझुएलाचा वीस वर्षांचा डावखुरा असाच यादीबाहेर ठेवला होता. पहिली निवड मिनेसोटा ट्विन्सची होती; त्यांनी जॅरेड कॅम्प नावाचा दुसराच पिचर घेतला, फ्लोरिडाने दुसऱ्या निवडीत सांतानाला घेतले, आणि लगोलग दोघांची अदलाबदल होऊन ट्विन्सना सांताना आणि वर ५०,००० डॉलर मिळाले. पहिल्या वर्षी त्याने दर नऊ डावांमागे साडेसहा धावांच्या हिशेबाने मार खाल्ला, आणि अटीमुळे तो मार मेजर लीगमध्येच खावा लागला. २००२ मध्ये त्यास एडमंटन येथे मायनर लीगमध्ये धाडण्यात आले. तेथील प्रशिक्षक बॉबी क्वेयार यांनी प्रत्येक बॅटरला निदान एक तरी चेंजअप टाकलाच पाहिजे असा दंडक घातला. मार पडो, फुकट बेस जावो, टाकावयाचाच. मायनर लीगचा खरा उपयोग हा, की तेथे हरण्याची मुभा असते. २००४ आणि २००६ या दोन्ही वर्षांचा साय यंग पुरस्कार सांतानाला मिळाला.

त्याच्या मुक्तीस एक वर्ष उरले तेव्हा, फेब्रुवारी २००८ मध्ये, ट्विन्सनी त्यास विकले. घेणारा संघ न्यूयॉर्क मेट्स. मोबदल्यात चार होतकरू गेले, त्यांतले तीन पिचर. त्या तिघांतल्या कोणाकडूनही ट्विन्सचे काही भले झाले नाही, आणि त्यांपैकी फिलिप हंबर याने २१ एप्रिल २०१२ रोजी सिॲटल येथे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद करून परिपूर्ण सामना टाकला, तोही शिकागोच्या गणवेशात. मेट्सनी सांतानाशी सहा वर्षांचा, १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. तिसऱ्याच हंगामात, २०१० च्या सप्टेंबरात, त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. २०११ हे वर्ष पूर्ण बुडाले.

१ जून २०१२ च्या रात्री मेट्सचा सामना सेंट लुईसशी होता. १९६२ साली स्थापन झालेल्या या संघाने तोवर आठ हजारांवर सामने खेळले होते, आणि त्यांत एकही नो-हिटर नव्हता. रायनने सात टाकले, टॉम सीव्हरने टाकला, ड्वाइट गुडनने टाकला, पण सर्वांनी मेट्स सोडल्यावर. सहाव्या डावात कार्लोस बेल्ट्रानचा एक फटका चुन्याच्या रेषेस चाटून गेला आणि पंचाने तो बाहेर ठरविला. न्यूयॉर्ककरांनी त्या पंचास मनोमन दुवा दिला असेल. दुरुस्त केलेल्या खांद्यास जपावे म्हणून व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांनी त्या रात्री ११५ च्या आसपास चेंडूंची मर्यादा मनाशी धरली होती. ती ओलांडली गेली आणि ते जागचे हलले नाहीत. नवव्या डावात दोन बाद, डेव्हिड फ्रीझ समोर, तीन वावगे आणि दोन स्ट्राइक. सांतानाने १३४ वा चेंडू टाकला तो एडमंटनमध्ये घोटविलेला चेंजअप. फ्रीझची बॅट त्याच्या आधीच फिरून गेली. त्या ऑगस्टनंतर मेजर लीगमध्ये सांताना पुन्हा खेळला नाही.